रुमाल पडायच्या आत

माझ्याकडे शिकायला येणारी मुलं पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारतात, "ताई, कॅमेरा कोणता घेऊ?" विचारताना त्यांच्या मोबाइलवर तीन-चार कॅमेऱ्यांची चित्रं आधीच उघडलेली असतात आणि त्यातला एक त्यांनी मनाशी पक्काही केलेला असतो, माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. मी होकार देत नाही. खिशात रुमाल आहे का, असं विचारते. मुलं एकमेकांकडे बघतात, आणि बाई जरा सटकलेली दिसते हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ वाचता येतं. वाटू दे तसं. ही पद्धत मी आणि माझ्या बाबांनी ठाण्यात खोपटच्या दोन खोल्यांत शोधून काढली, आणि तिच्यापायी आमच्या घरात दोन दिवस अबोला झाला होता. तेव्हाची हकिगत एकदा नीट लिहून ठेवायची होती. गुडघे आता लग्नाच्या हॉलमध्ये फार वेळ उभं राहू देत नाहीत, त्यामुळे बसून लिहायला वेळ आहे.

आमची चाळ बसडेपोच्या मागच्या अंगाला होती, आणि आम्ही पहिल्या मजल्यावर. बाबा त्याच डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. सकाळी चहा पिता पिता ते खाली मागे घेतल्या जाणाऱ्या गाड्यांचा आवाज ऐकत आणि बशीतूनच निदान सांगत, "ही महाडची. हिचा गिअर रडतोय. आज येणार माझ्याकडे." संध्याकाळी आले की आई विचारायची, "आली का हो तुमची महाडची?" आणि ती आलेली असायचीच. आईचं स्वतःचं मशीन खिडकीपाशी होतं. ती साड्यांना फॉल-पिको करून द्यायची, त्यामुळे घरात कायम कुणाच्या तरी लग्नाच्या साड्यांचा ढीग, आणि त्या ढिगाला हात लावायचा तर साबणाने धुऊन. मशीनचा आवाज थांबला तर दोनच कारणं असत: दोरा तुटला किंवा आई रागावली. बाबांचे पाने फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळलेले असत. डेपोत सरकारी हत्यारं होती, पण बाबा स्वतःचे पाने डब्याबरोबर पिशवीत घालून नेत आणि परत आणत. तेव्हा आम्हाला त्याचं हसू यायचं. जेवायला बहुतेक रोज कुळथाची पिठी-भात आणि भाजलेलं सुकट, आणि रविवारी घावणे. अजूनही तव्यावर घावण्याची जाळी पडताना जो चुर्र आवाज होतो तो ऐकला की मला आमची ती खोली आठवते, साड्यांच्या ढिगासकट.

बी.कॉम. झाल्यावर मी डोंबिवलीत दामलेकाकांच्या स्टुडिओत लागले. काम म्हणजे पासपोर्टचे फोटो कापायचे आणि कॉम्प्युटरवर लग्नांचे अल्बम लावायचे. कल्याण-डोंबिवलीतली किती लग्नं माझ्या हाताखालून गेली याचा हिशेब नाही. त्यात मला एक गोष्ट कळली. लोक अल्बम घ्यायला येतात, पानं भराभर उलटतात, विहिणींचे मानपान, पंगत, सप्तपदी, सगळं उलटतात, आणि एका पानावर थांबतात. मंगलाष्टकं संपतात, भटजींचं शेवटचं सावधान होतं, वाजंत्री सुरू होते आणि मधला अंतरपाट दूर होतो. नवरा-नवरी एकमेकांकडे बघतात ते फक्त तेवढं पळभर. लगेच अक्षता डोळ्यांत जातात, माना खाली जातात, हार वर येतात. तो एक फोटो नसेल तर बाकीचे पाचशे असून उपयोग नाही. दामलेकाका अशा वेळी स्टेजच्या एका अंगाला उभे राहून नवऱ्याचा चेहरा टिपत आणि समोरच्या अंगाला त्यांचा दुसरा फोटोग्राफर नवरीचा. अल्बम लावता लावता मला त्या दुसऱ्या माणसाचा हेवा वाटायला लागला. त्याचे बरेच फोटो वाईट असत, आणि मी काढले असते तर ते कसे असते हे मला खुर्चीत बसून दिसत असे.

मे महिन्यात विलासमामा मस्कतहून आला. आईचा हा एकुलता एक भाऊ तिथे बांधकामावर क्रेन चालवायचा. त्याची बॅग उघडली की खोलीभर खजुराचा आणि परदेशी साबणाचा मिश्र वास सुटायचा आणि चाळीतले अर्धे लोक दारात. त्या वर्षी त्याने बॅगेतून काही काढण्याआधी मांडीवरची काळी पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाला, "शुभे, हा मी विमानात वर ठेवला नाही. मांडीवर घेऊन आलोय." आत कॅमेरा होता. काळा, ऐसपैस, पुढे लांबलचक नळीसारखं भिंग, बटण दाबलं की ते आणखी पुढे यायचं. मी ते तीनदा पुढे-मागे केलं. आई कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि तिने थेट भिंगाकडे बोट नेलं, ते मी अर्ध्यात अडवलं. मग ते कुंकू पिशवीला लागलं. शेजारच्या पाटीलकाकू म्हणाल्या, "बाई गं, केवढा मोठा! आता पोरगी टीव्हीत जाणार." मामा खुशीत होता. दुकानदाराला त्याने सांगितलं होतं, माझी भाची फोटोग्राफर होणार आहे, दुकानातला सगळ्यात मोठा दे.

त्याच महिन्याच्या अखेरीस दामलेकाकांचा दुसरा फोटोग्राफर गावी गेला तो वेळेवर परतला नाही. मी लगेच म्हटलं, "काका, माझ्याकडे कॅमेरा आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "ये. नवरीचा चेहरा तुझ्याकडे." मी रात्रभर झोपले नाही, त्याचं वर्णन करत नाही, सगळ्यांनाच अशी एखादी रात्र माहीत असते. हॉल डोंबिवलीतलाच. मी नवऱ्याच्या मागच्या अंगाला, थोडी लांब, खुर्च्यांच्या पहिल्या रांगेपाशी उभी राहिले आणि भिंग लांबवून नवरीचा चेहरा जवळ आणला. शेवटचं सावधान झालं, अंतरपाट हलला, मी बटण दाबलं. कॅमेऱ्याने क्षणभर विचार केला. मग फोटो काढला. फोटोत अंतरपाट भटजींच्या काखेत होता आणि नवरी खाली बघत होती. तिच्या भांगात अडकलेल्या अक्षता तेवढ्या अतिशय सुंदर आल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात नवरीची आई फोटो निवडायला दुकानात आली. कॉम्प्युटरवर एकेक फोटो मीच दाखवत होते. तो क्षण आला, आणि गेला. बाई म्हणाली, "मागे घ्या ना जरा." मी मागे घेतलं. "जावईबापूंचा आहे. माझ्या मुलीचा कुठाय?" मी दुसऱ्या फोटोंत शोधण्याचं नाटक केलं. ती शांतपणे म्हणाली, "मी तिच्या मागे उभी होते हो. मला तिचं तोंड दिसलंच नाही. म्हटलं, फोटोत बघेन." दामलेकाका आतून आले आणि म्हणाले, "चूक माझी आहे, ताई. माणूस मी उभा केला होता." ती बाई भांडली असती तर बरं झालं असतं. ती पर्स उचलून निघून गेली. आज इतकी वर्षं झाली, तिचं नाव मला आठवत नाही, पण हिरव्या काठाची ती साडी आठवते.

ती गेल्यावर मला वाटलं, आता मला काढून टाकतील. दामलेकाका म्हणाले, "मी समोरून बघत होतो. तुझं बोट वेळेवर पडलं. हा कॅमेरा उशिरा जागा होतो. घरच्या सहलीला ठीक आहे, लग्नाला नाही."

"मग तुमचा एखादा जुना द्याल का?"

"माझा चष्मा मी कुणाला देतो का? स्वतःचा आण. तुळशीचं लग्न लागलं की आपली लग्नं पुन्हा सुरू होतील. तोपर्यंत नीट कॅमेरा आणलास तर नवरीचा चेहरा तुझा. नाहीतर अल्बम लावायला आहेसच." एवढं बोलून ते पासपोर्ट फोटोच्या गिऱ्हाइकाला हनुवटी वर करायला सांगायला गेले.

मी हट्टी आहे हे माझे शत्रू सांगतात आणि नवराही. पण त्या वेळी माझा हट्ट चुकीच्या दिशेने चालला. मला वाटलं, मामाने मांडीवर बसवून आणलेला कॅमेरा आहे, शिकेन मी त्याला. बोट थोडं आधी दाबलं की झालं! रोज संध्याकाळी बाबा ड्युटीवरून आले की आमच्या घरात लग्न लागायला लागलं. आईच्या अस्तराच्या कापडाचा अंतरपाट. एक टोक बाबांच्या हातात, दुसरं दाराच्या कडीला बांधलेलं. पलीकडे नवरी म्हणून आई, तीही मशीनवर बसल्या बसल्या, काम न थांबवता. बाबा भसाड्या आवाजात मंगलाष्टक म्हणत, त्यांना एकच येत होतं आणि तेही अर्धं, आणि शेवटी डेपोत हाक मारावी तसं "सावऽधान!" असं ओरडून कापड सोडत. मी कधी आधी दाबायची, मग फोटोत नुसतं कापड. कधी नंतर, मग आईचं खाली घातलेलं डोकं. दहातला एखादा जमायचा. तो जमला की मी उड्या मारायची. पंधरा दिवस असं चाललं. चाळीतली पोरं अक्षता म्हणून चुरमुरे टाकायला यायला लागली.

एका संध्याकाळी बाबांनी कापड सोडलं नाही. म्हणाले, "आण बघू इकडे." कॅमेरा हातात घेतला, खिशातला रुमाल काढला आणि माझ्या हातात दिला. "मी सावधान म्हणेन. तू रुमाल सोड." मी सोडला. त्यांनी बटण दाबलं. फोटोत रुमाल जमिनीवर होता आणि मी तो उचलायला वाकायला लागले होते. बाबांनी पुन्हा केलं, पुन्हा रुमाल जमिनीवर. मग ते खाटेवर बसले.

"शुभे, आमच्याकडे एखादी गाडी अशी येते. क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, आणि मग तो पडायची वाट बघायची. ड्रायव्हर हुशार असला तर तो तिची सवय करून घेतो. पण घाटात ती गाडी आम्ही देत नाही. कितीही हुशार असला तरी."

"पण मामाने…"

"विलासने मायेने आणलाय. माया वेगळी, हत्यार वेगळं."

आईच्या मशीनचा आवाज थांबला. दोरा तुटला नव्हता.

मग आम्ही कॅमेरा बघायला निघालो. मी आणि बाबा, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, ठाण्यातल्या एकेका दुकानात. त्याआधी मी सायबर कॅफेत बसून इतकं वाचलं होतं की माझी वही आकड्यांनी भरली होती, आणि जितकं वाचावं तितकं ठरवणं अवघड होत होतं. दुकानात टाय लावलेला पोरगा सांगायचा, "काका, हा घ्या, याच्यात मेगापिक्सेल जास्त आहेत." बाबा म्हणायचे, "असू देत. हिला दे." मग बाबा खिशातून रुमाल काढून हात उंच धरत, गंभीर चेहऱ्याने सावधान म्हणत आणि रुमाल सोडत. पहिल्या दुकानात मी शरमेने मेले. टायवाला हसला, बाकीचे दोघे हसले, एका गिऱ्हाइकाने विचारलं, "काय हो, जादूचे प्रयोग का?" बाबांना काही फरक पडला नाही. ज्या माणसाने इंजिनाखाली झोपून आयुष्य काढलं त्याला दुकानातल्या काचेची काय भीती! तिसऱ्या दुकानापर्यंत माझी शरम गेली. चौथ्या दुकानातला पोरगा स्वतःच म्हणाला, "काका, तुम्ही रहने दो, मी टाकतो रुमाल," आणि मग त्यालाच नाद लागला. त्याने शोकेसमधले एकेक कॅमेरे काढून सगळ्यांचा रुमाल बघितला. नळीवाले सगळे कॅमेरे नापास. भिंग काढून बदलता येतं ते कॅमेरे पास. त्यांच्यात रुमाल हवेत, बोटांपासून वीतभर खाली.

त्यातला सगळ्यात लहान मी घ्यायच्या बेतात होते. नवाकोरा, दोन भिंगं, वर बॅग आणि स्टँड फुकट. पण हातात धरला की माझी करंगळी खाली लटकायची आणि आतून बघितलं की बोगद्याच्या टोकाला कुणीतरी उभं असल्यासारखं दिसायचं. स्वतःलाच समजावत होते, होईल सवय. सवय होईल हे वाक्य मी आधीच्या कॅमेऱ्यासाठीही बोलले होते, हे दुकानाच्या पायरीवर आठवलं आणि मी परत फिरले. बाबा बाहेर उसाचा रस पीत उभे होते. त्यांनी रिकामा हात बघितला आणि माझ्यासाठी एक ग्लास सांगितला.

दामलेकाकांनी मला कोलशेतचा पत्ता दिला. तिथल्या कारखान्यांची यंत्रं आणि गावातली लग्नं असं दोन्हीचं फोटोचं काम करणारे भोईर आपला कॅमेरा विकून नवीन घेणार होते. "माझ्या सांगण्यावरून घेऊ नकोस मात्र," हे त्यांनी तीनदा बजावलं. भोईरांचं घर खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं, एका बाजूला उंच टॉवर उठत होते आणि अंगणात बोंबील वाळत होते. भोईर भले थोरले, मिशीवाले, आणि हातात कॅमेरा घेतला की एकदम हळुवार. त्यांनी तो फडक्यातून काढून माझ्यासमोर ठेवला. कोपऱ्यांवरचा काळा रंग उडाला होता. पकडीचं रबर बोटांच्या जागी गुळगुळीत झालं होतं, आणि माझी बोटं नेमकी तिथे बसली, करंगळीसकट. आतून बघितलं तर अंगण मोठं, उजळ, बोंबील न् बोंबील मोजता यावा असं.

बाबांनी खिशातून वाचायचा चष्मा काढला. आधी कॅमेरा उलटा केला. "स्क्रूची डोकी शाबूत आहेत. कुणी उघडलेला नाही." मग त्यांनी तो कानाला लावला आणि मला बटण दाबायला सांगितलं. मी दाबत गेले आणि ते डोळे मिटून ऐकत गेले, सकाळी बशी हातात धरून ऐकत तसे. भोईर माझ्याकडे बघून पुटपुटले, "तुजा बापूस डाक्टर हाय का गं?" बाबांनी डोळे उघडले. "एकसारखा आवाज आहे. एकदाही अडखळला नाही." मग रुमाल. फोटोत रुमाल बाबांच्या बोटांतून नुकताच सुटला होता, एक टोक अजून चिमटीला लागूनच. मी भोईरांच्या अंगणात ओरडले.

"पण भिंग एकच?" बाबांनी विचारलं. "आणि हे तर पुढेमागे होतच नाही. लांबचं कसं काढणार ही?"

"लांब कशाला रावाची ती?" भोईर म्हणाले. "जवल जायाचं. आपल्याच घरचं लगीन हाय असं जवल जायाचं."

मी तिथेच ठरवलं. त्या दिवशी डोंबिवलीच्या हॉलमध्ये मी पहिल्या रांगेपाशी का उभी होते हे मला कॅमेऱ्याआधी स्वतःला विचारायला हवं होतं. लांब भिंग होतं म्हणून मी लांब उभी होते, आणि लांब उभं राहायला मला बरं वाटत होतं, कारण स्टेजवर नवऱ्याच्या अंगाला सगळे पुरुष होते. ते भिंग मला नकोच होतं. दोन दिवसांत सांगते असं भोईरांना बोलून आम्ही निघालो.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. पैशाबद्दल ती काही बोलली नाही. माझे साठलेले होते, उरलेले बाबा घालणार होते. ती म्हणाली, "वापरलेला? माझ्या भावाने आणलेला नवाकोरा घरात असताना दुसऱ्याचा रंग उडालेला आणायचा? त्याला काय तोंड दाखवू मी?" आणि मशीन थांबलं ते दोन दिवस. साड्या घ्यायला आलेल्या बायका परत गेल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाकरी थापता थापता ती माझ्याकडे न बघता बोलली, "बिघडला म्हणून सांग त्याला. वाईट वाटायला नको." मला ते पटलं नाही. एक तर तो धडधाकट होता. दुसरं म्हणजे बिघडला म्हटलं असतं तर मामाने पुढच्या मे महिन्यात त्याहून मोठा आणला असता. आणि खरं सांगायचं तर, मी कुठल्या कामाला लागले आहे हे मामाला कळायला हवं होतं. मी म्हटलं, "मी खरंच सांगणार." आई म्हणाली, "मग तूच सांग. मी नाही सांगणार." आणि तिने भाकरी जरा जोरातच तव्यावर टाकली.

शुक्रवारी मामाला सुट्टी असे. दुपारी मी फोन लावला. आई मशीनपाशी पाठ करून बसली होती. मी एका दमात सगळं सांगितलं: लग्न, ती नवरीची आई, रुमाल, कोलशेत.

"मी त्याला सगळ्यात मोठा दे म्हटलेलं गं," मामा म्हणाला.

"मोठाच दिला त्याने, मामा. पण तो उशीर करतो."

"किती?"

"अर्धा सेकंद असेल."

मामा हसला, पण ते काही खुशीचं हसणं नव्हतं. "अर्ध्या सेकंदासाठी तू मला एवढ्या लांब फोन केलास?"

"हो."

फोनमध्ये मागे कुठे तरी भांडी वाजत होती, त्यांच्या खोलीवर जेवण चाललं असावं. मग म्हणाला, "क्रेनवर अर्धा सेकंद खूप झाला शुभे. खाली माणूस असतो." आणि थोड्या वेळाने, "तुला पाहिजे तो घे. हा ताईला दे. दुसऱ्या कुणाला देऊ नको हां." फोन ठेवल्यावर मला रडू आलं. मामाचं मन मी दुखावलं होतं आणि दुखावूनसुद्धा मला तो दुसरा कॅमेराच हवा होता, याचंच रडू. आई उठून आली, माझ्या डोक्यावर टपली मारून गेली, आणि मशीन सुरू झालं.

भोईरांचा कॅमेरा मी घेतला. मामाचा आईने पुढे अनेक वर्षं वापरला. लोणच्याच्या बरण्या, पाटीलकाकूंची नातवंडं, गणपतीची आरास, तिने सगळ्यांचे फोटो काढले. माझे तरुणपणीचे जेवढे फोटो आहेत ते सगळे तिने काढलेले आहेत आणि प्रत्येकात मी नुकतीच दुसरीकडे बघायला लागले आहे. माझी मुलगी मला म्हणते, "आई, तू कधी कॅमेऱ्याकडे बघायचीसच नाहीस का?" बघायचे की! तो बघेपर्यंत वेळ निघून जायची.

तुळशीचं लग्न झालं आणि त्यानंतरचं आमचं पहिलं लग्न कल्याणला होतं. दामलेकाका त्यांच्या अंगाला, मी माझ्या. या वेळी पहिली रांग सोडून मी तीन पायऱ्या चढले आणि थेट नवऱ्याच्या मागे, त्याच्या मामांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले. नवऱ्याच्या कानावरून समोर पांढरा अंतरपाट, दोन हातांवर. माझ्या शेजारी व्हिडिओवाला होता, दिव्याचा दांडा घेतलेला, घामाघूम.

"ओ मॅडम, मागे व्हा. शूटिंगमध्ये येताय."

"एवढं होऊ दे, दादा. पुढचं सगळं तुमचं."

"अहो, खाली उभ्या राहा ना. तिकडून झूम करा."

"झूम नाहीये."

"मग कशाला आलात?" आणि त्याने कोपराने मला रेटलं. बरगडीत लागलं. मंगलाष्टक शेवटच्या ओळीवर आलं होतं. दामलेकाका समोर होते, त्यांना दिसत होतं, पण त्यांच्या डोळ्याला कॅमेरा होता. आणि त्यांनी येऊन मला जागा करून द्यावी असं मलाही वाटत नव्हतं. मी एक पाय नवऱ्याच्या मामांच्या चपलेशेजारी घट्ट रोवला. "नवरीकडून आलेय मी," एवढंच बोलले आणि डोळा कॅमेऱ्याला लावला. त्याने पुन्हा रेटलं. मी हलले नाही. आत अंतरपाट मोठा आणि उजळ दिसत होता, त्याच्या वरच्या कडेवर नवरीच्या मुंडावळ्यांचे मोती थरथरत होते. सावधान झालं. कापडाचा वरचा काठ वाकला आणि माझं बोट पडलं.

मग हार, अक्षता, वाजंत्री, उखाणे, सगळं एकावर एक येत गेलं आणि मी पुढे, आणखी पुढे जात राहिले. फोटो कसा आलाय ते बघायला वेळच मिळाला नाही. खरं म्हणजे धीर नव्हता. जेवणाच्या हॉलमध्ये दामलेकाका ताट घेऊन माझ्या शेजारी बसले. जिलबी संपवली, हात नीट पुसले आणि मग कॅमेरा मागितला. त्यांनी मागच्या पडद्यावर एकेक फोटो मागे घेत नेला आणि थांबले. मी वाकून बघितलं. अंतरपाटाचं एक टोक अजून नवरीच्या हनुवटीपाशी होतं आणि त्यावरून ती समोर बघत होती. लाज नव्हती, हसू नव्हतं, नुसती बघत होती, जणू हॉलमध्ये दुसरं कुणी नाही. दामलेकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडदा डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा बघितलं. शाबासकी द्यायची त्यांना सवय नव्हती. कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवत ते म्हणाले, "पुढच्या रविवारी बदलापूरला एक आहे. मोकळी आहेस का?"

"नाही काका," मी म्हटलं. "रविवारी मला बदलापूरला लग्न आहे."